मदत हवी आहे: कोड एमआयटी, पण इन्स्टॉलरमध्ये जीपीएल-एलजीपीएल लायब्ऱ्या, वाटायचं कसं?

नमस्कार मंडळी,

राहायला ऐरोली, नोकरी महाप्याला. फावल्या वेळात एक छोटं डेस्कटॉप ॲप लिहिलंय, ठाण्यातल्या एका व्याख्यानमालेची जुनी रेकॉर्डिंग्ज आहेत ती कापायची, आवाज सारखा करायचा आणि एमपी३ करून ठेवायची, बास. पायथन, वर खिडक्या-बटणांसाठी पायक्यूटी ६ (क्यूटी ही लायब्ररी पायथनमधून वापरायची सोय), आवाजाचं काम एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओच्या प्रोग्रॅमची ईएक्सई बाहेरून चालवून, आणि मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट. माझा कोड गिटहबवर एमआयटी लायसन्सखाली आहे (कोणीही कसाही वापरा, फक्त लायसन्सचा मजकूर ठेवा).

नुसता कोड होता तोवर डोक्याला ताप नव्हता, ज्याने त्याने लायब्ऱ्या आपापल्या उतरवून घ्यायच्या. आता तिथले कार्यकर्ते, सगळे रिटायर्ड काका-काकू, म्हणतात ते पिप-बिप (लायब्ऱ्या उतरवायची कमांड) आम्हाला जमणार नाही, डबल क्लिक केलं की चालेल असं पेनड्राइव्हवर दे. म्हणजे पायइन्स्टॉलरने (कोड आणि लायब्ऱ्या एकत्र गुंडाळणारं टूल) बांधून दुसऱ्यांच्या लायब्ऱ्या मीच वाटणार!

पायक्यूटी जीपीएल ३ आहे, म्हणजे ती घालून वाटलेलं सगळं सोर्ससकट त्याच लायसन्सखाली द्यायचं (किंवा पैसे भरून कमर्शियल), त्यामुळे माझ्या फायलींवर एमआयटी राहिलं तरी बांधलेलं पॅकेज जीपीएल ३ म्हणूनच द्यावं लागेल, इथपर्यंत समजलं. क्यूटीसाठीच असलेलं पायसाइड ६ एलजीपीएलमध्ये (जीपीएलचं सौम्य रूप) मिळतं, तिकडे जावं का? मग एकच ईएक्सई चालेल की फोल्डर लागेल? आणि एफएफएमपेगच्या व्हर्जन आउटपुटमध्ये इनेबल-जीपीएल दिसतंय (म्हणजे जीपीएलचे भाग घालून बांधलेली बिल्ड), त्याचा सोर्स मी द्यायचा की त्यांच्या साइटची लिंक पुरे? ऑफिसात लीगलवाल्यांना विचारलं तर म्हणे घरचं प्रोजेक्ट घरी.

प्रतिसाद १
पायसाइडला जा, बदल किरकोळ आहेत, सिग्नल-स्लॉटची नावं वगैरे. एलजीपीएलचं म्हणणं एवढंच की वापरणाऱ्याला क्यूटी बदलून चालवता आलं पाहिजे, फोल्डरवाल्या बिल्डमध्ये डीएलएल (लायब्ऱ्यांच्या फायली) समोरच असतात म्हणून ते सोपं. तुमचा कोड उघडाच आहे, एक ईएक्सई केली तरी कोणी परत बांधू शकतो, पण मी फोल्डरच देईन. पायइन्स्टॉलरची काळजी नको, तो स्वतः जीपीएल असला तरी बांधलेल्या ॲपला त्यात सूट दिलेली आहे.

एफएफएमपेग वेगळी ईएक्सई म्हणून चालवताय तर सहसा दोन स्वतंत्र प्रोग्रॅमच धरतात, तुमचं ॲप त्याने जीपीएल होत नाही. पण मुळात ती बिल्ड हवीय कशाला? इनेबल-जीपीएल लागतं ते एक्स२६४ (व्हिडिओ एन्कोडर) सारख्या गोष्टींना, तुम्हाला तर नुसता आवाज हवाय आणि एमपी३ बनवणारी लेम लायब्ररी एलजीपीएलच आहे. एलजीपीएल बिल्ड घ्या.

सोर्स मात्र तरीही द्यावा लागतो. डाउनलोडला ठेवलं तर त्याच व्हर्जनचा सोर्स शेजारी ठेवायचा. पेनड्राइव्हवर नुसती लिंक चालत नाही, एकतर सोर्स सोबत टाका नाहीतर किमान 3 वर्षं मागेल त्याला देईन असं लेखी द्या. कोण 3 वर्षं लक्षात ठेवणार, क्यूटी आणि एफएफएमपेगचे टारबॉल (सोर्सच्या झिपसारख्या फायली) सरळ कॉपी करा.

धागाकर्ता
एक्स२६४चं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. फॉन्टचं काय? आणि लायसन्सच्या फायली ठेवल्या तर काका त्या कचरा समजून उडवणार हे नक्की :)

प्रतिसाद १
मुक्ता ओएफएल (फॉन्टसाठीचं खुलं लायसन्स) आहे, ॲपसोबत बिनधास्त द्या, फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही आणि लायसन्सचा मजकूर सोबत हवा. काकांनी नंतर उडवलं तर उडवू देत, तुम्ही देताना ते असलं पाहिजे. अबाउटच्या खिडकीतपण सगळ्यांची नावं आणि कॉपीराइटच्या ओळी टाका.