रॅड१ नसलेलं यीस्ट यूव्हीतून वाचतंय कसं?

प्रश्न (सांगली, एमएस्सी): रॅड१ हे डीएनए दुरुस्तीचं जनुक काढलेला यीस्टचा स्ट्रेन. यूव्ही दिल्यावर फॉइलमधल्या प्लेटा जवळजवळ कोऱ्या, पण खिडकीत राहिलेल्यांवर वसाहतीच वसाहती! कंटॅमिनेशन म्हणू का?

उत्तर: नको गं, हा उजेडाचा प्रताप. यीस्टमध्ये फोटोलायेज नावाचं दुरुस्तीचं एन्झाइम असतं. निळ्या प्रकाशाच्या जोरावर ते डीएनएत यूव्हीनं चिकटलेल्या थायमिनच्या जोड्या जागेवरच सोडवतं. रॅड१ बाजूचा धागा कापून दुरुस्तीला लागतं, त्याची इथं गरजच पडत नाही. यूव्हीनंतर पिवळ्या दिव्यातच काम कर. आमचा बल्ब गणपतीच्या डेकोरेशनमधला आहे, चालतो!

प्रश्नकर्ती: मग ताई, रॅड५२ हे दुरुस्ती-जनुक नसलेल्या स्ट्रेनलाही उजेड वाचवेल?

उत्तर: यूव्हीचा प्रश्न असेल तर थोडं, एक्स-रेला नाही. तिथं डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, ते जोडणं रॅड५२चं काम, फोटोलायेज काय करणार!

दुसरे उत्तर: रॅड९ही बघ. ते पेशीचं विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देतं. संदर्भ: वायनर्ट-हार्टवेल यांचा शोधनिबंध, १९८८.