ग्रीक बेटावर मुक्कामाला कुठलं गाव निवडलंत? (अनुभव धागा)

ग्रीसला जायचं ठरलं की भारतातून जाणाऱ्यांचं गाडं एका ठिकाणी हमखास अडतं. व्हिसाच्या कागदांत राहण्याची बुकिंगं जोडावी लागतात, त्यामुळे बेट नकाशावर धड पाहिलेलं नसतानाच गाव ठरवून टाकायची वेळ येते. मग बहुतेक जण करतात ते असं: निळ्या घुमटाचा फोटो आणि खिशाला झेपणारा दर ज्याचा असेल ते हॉटेल, रद्द करता येईल अशा अटीवर, घेऊन टाकायचं आणि 'नंतर निवांत बघू' म्हणायचं. नंतर निवांत कोणी बघत नाही.

म्हणून हा धागा. हॉटेलांची नावं नकोत, नाहीतर चार प्रतिसादांत धाग्याची जाहिरात होते. गाव कुठलं, सोबत कोण, महिना कुठला, गाडी होती की बस, आणि पुन्हा गेलात तर तिथेच राहाल का, एवढं लिहा. सुरुवात मीच करते.

सँटोरिनी, फिरा. आम्ही दोघं, जून, गाडी नाही.

या बेटाचं एक गणित आधी समजून घ्या. पश्चिमेची कड म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाचा कडा, काही ठिकाणी तीनशे मीटर उंच. फोटोत दिसणारी गावं, म्हणजे इया, इमेरोविग्ली, फिरोस्तेफानी आणि फिरा, सगळी या कड्यावर. पूर्वेची बाजू मात्र हळूहळू उतरत समुद्राला मिळते आणि काळ्या वाळूचे पोहण्याचे किनारे तिकडे आहेत. देखावा आणि किनारा एका खोलीतून मिळत नाही. ज्या खोलीच्या जाहिरातीत दोन्ही लिहिलेलं असेल तिच्याकडे जरा संशयाने बघा.

आम्ही फिराच्या मागच्या बाजूला राहिलो. खिडकीतून दिसायचं पार्किंग, पण कड्यापर्यंत गल्ली ओलांडून पाच मिनिटं आणि बसस्थानक त्याहून जवळ. बेटावरच्या जवळजवळ सगळ्या बस फिराहून सुटतात. इयाहून पूर्व किनाऱ्यावरच्या कामारीला जायचं तरी फिराला उतरून दुसरी बस धरायची. त्यामुळे गाडी न घेणाऱ्याला फिराला पर्याय नाही असं माझं मत. इयात सूर्यास्त झाला की परतीच्या बसला जी झुंबड उडते ती मुंबईच्या लोकलवाल्यांना जड जात नाही, ही आपली जमेची बाजू.

दुपारी मात्र फिरा नकोसं होतं. क्रूझ जहाजांची माणसं केबल कारने वर येतात ती इथेच. २०२५पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे, पण त्या गल्ल्यांना तेवढे पुष्कळ झाले. आम्ही त्या वेळात आक्रोतिरीचं, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन गावाचं, उत्खनन बघून आलो. संध्याकाळी जहाजं निघून गेली की गाव पुन्हा चालण्याजोगं होतं. पुन्हा गेले तर फिराच, पण मे महिन्यात.

दुबईहून. सासू-सासरे सोबत, सप्टेंबर. कामारी.

सासूबाईंचे गुडघे, त्यामुळे माझा शोध उलट्या बाजूने सुरू झाला: पायऱ्या कुठे नाहीत? इयातल्या एका ठिकाणी विचारलं, रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? उत्तर आलं, 'थोड्याच, सामान आमची माणसं आणतील.' सामानाची काळजी नव्हतीच मला. नेटाने आकडा मागितला तेव्हा कळलं की साठच्या वर आहेत, कठडा सगळीकडे नाही, आणि कड्यात कोरलेल्या त्या गुहाघरांत आतसुद्धा पायऱ्या असतात, बाथरूमला जाताना चार उतरायच्या वगैरे. ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर हे दोन्ही आकडे लेखी मागवा.

कामारी सपाट आहे. समुद्रालगत लांबलचक पायवाट, हॉटेलं आणि खाणावळी तिच्या कडेने. सासरे रोज पहाटे एक टोक ते दुसरं टोक फेरी मारून यायचे आणि बेकरीतून पाव आणायचे. किनारा काळ्या गोट्यांचा, दुपारी इतका तापतो की चपलेशिवाय पाऊल टेकत नाही. पाण्यात उतरायला रबरी बूट घ्या, तिथल्या दुकानांत मिळतात. विमानतळ जवळ असल्याने विमानांचा आवाज येतो. आम्हाला चाललं, सासऱ्यांना तर विमानं मोजण्याचा छंदच लागला.

नकाशा बघून फसू नये म्हणून एक सांगते. पेरिसा हे दुसरं किनाऱ्याचं गाव कामारीला अगदी चिकटून दिसतं, पण मध्ये मेसा वूनो डोंगर उभा आहे. रस्त्याने मोठा वळसा पडतो. त्या डोंगरावर प्राचीन थिराचे अवशेष आहेत, कामारीच्या बाजूने नागमोडी रस्ता वर जातो. आम्ही टॅक्सीने गेलो, सासूबाई खाली कॉफी पीत बसल्या आणि त्यांचं काही अडलं नाही.

कड्यावरचा सूर्यास्त एका संध्याकाळी टॅक्सीने जाऊन बघितला. झालं की!

इमेरोविग्ली, नवीन लग्न, ऑक्टोबरअखेर.

वरच्या दोघी फार व्यवहारी आहेत. आम्ही देखाव्यासाठीच गेलो होतो आणि देखाव्यालाच पैसे मोजले. सकाळी दार उघडलं की समोर समुद्र आणि मधली काळी ज्वालामुखी बेटं. आम्ही तासन् तास खोलीच्या बाहेर पडलो नाही. ज्याला दिवसभर भटकायचं आहे त्याने हे पैसे वाया घालवू नयेत, पण आम्हाला भटकायचं नव्हतं.

दोन सूचना तरी देतो. फिरा ते इया ही पायवाट, साधारण दहा किलोमीटर, याच गावातून जाते, त्यामुळे बऱ्याच गच्च्या वरून चालणाऱ्यांना आरामात दिसतात. 'खासगी' प्लंज पूल (डुंबण्यापुरता छोटा तलाव) किती खासगी आहे ते पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोंत तपासा, हॉटेलच्या नव्हे. आणि ऑक्टोबर संपता संपता खाणावळी एकेक करून बंद होऊ लागतात. हिवाळ्यात कड्यावरची बहुतेक हॉटेलं बंदच असतात.

जर्मनीहून, मुलं तीन आणि सहा वर्षांची, जुलै. नॅक्सोस.

सँटोरिनीच्या कड्यांवर तीन वर्षांचं पोर घेऊन मला सुट्टी नको होती, पहारा झाला असता तो. नॅक्सोसला आयिओस जॉर्जिओस हा किनारा मुख्य गावाला, खोराला, लागूनच आहे. बंदरावर उतरून बाबागाडी ढकलत चालत गेलो. वाळू मऊ, पाणी बराच वेळ गुडघ्याएवढंच. संध्याकाळी गावातून चालत पोर्ताराला जायचं. पोर्तारा म्हणजे अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, समुद्राकडे तोंड करून एकटाच उभा. मुलगी रोज त्याच्याखालून पलीकडे जाऊन 'आता मी दुसऱ्या देशात' म्हणायची.

आया आना आणि प्लाका हे दक्षिणेकडचे किनारे जास्त सुंदर आहेत, प्लाकाची वाळू तर संपतच नाही. पण तिथे राहिलं की औषधाचं दुकान, मोठं वाणसामान वगैरेसाठी बस धरून खोराला यावं लागतं. लहान मुलांच्या तापाला बसचं वेळापत्रक ठाऊक नसतं. गाडी असेल तर मात्र खुशाल तिकडे राहा.

आम्ही हॉटेल न घेता दोन शेगड्या असलेला स्टुडिओ घेतला. नॅक्सोसचे बटाटे ग्रीसभर नावाजलेले, तेव्हा पहिल्याच रात्री बटाट्याची भाजी. मोहरी-हिंग मी सोबत नेलं होतं. चीजही बेटावरचंच, ग्राविएरा नावाचं, मुलांनी त्यावर ताव मारला.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, दिवसचे दिवस. उकाडा कमी होतो हे खरं, पण उत्तरेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर वाळू उडून चावते. त्या दोन महिन्यांत जाणाऱ्यांनी किनारा कुठल्या दिशेला आहे ते बघूनच गाव निवडा.

शाकाहारी आहे, एवढंच लिहितो.

किनाऱ्यावरच्या पट्ट्यात राहिलात तर पिझ्झा आणि फ्राईज. गावात राहा, जिथे स्थानिक लोक जेवतात. ग्रीक लोकांचे धार्मिक उपास खूप, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ त्यांच्या घरचेच आहेत: भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, टोमॅटोतले मोठे पांढरे घेवडे, उकडलेल्या पालेभाज्या लिंबू पिळून. सँटोरिनीचा फावा तर आपल्या घट्ट वरणाचा भाऊच, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. आम्ही पिर्गोसला, बेटाच्या आतल्या बाजूच्या गावात, उतरलो होतो आणि खाण्याचे हाल अजिबात झाले नाहीत. जैन असाल तर मात्र स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या, कांदा-लसूण सगळ्यात असतो.

लंडनहून, मित्रमंडळी, मे. क्रीट.

क्रीटला 'बेट' म्हणून जाऊ नका. पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. 'एकच हॉटेल घेऊ आणि तिथून सगळं बघू' असा आग्रह आमच्यातल्या एकाचा होता, तो आम्ही विमानतळावरच मोडून काढला. हेराक्लिओन आणि खानिया यांच्यात साधारण १४० किलोमीटर आहेत. पहिला मुक्काम हेराक्लिओनला: क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष शहरापासून पाच किलोमीटर आणि पुरातत्त्व संग्रहालय शहरातच. शहर म्हणून ते काही मन मोहवणारं नाही, काम झालं की निघा.

उरलेला सगळा वेळ खानियाला. जुन्या गावात, व्हेनिसवाल्यांनी बांधलेल्या बंदराच्या मागच्या गल्लीत राहिलो. गाडी आत जात नाही. बाहेर ठेवून बॅगा दगडी फरशीवरून खडखडत न्यायच्या. बंदराला लागून असलेल्या खोलीत रात्री उशिरापर्यंत आवाज असतो, दोन गल्ल्या मागे सरका. समारिया घळ चालायची असेल (१६ किलोमीटर, उतरणीची) तर खानियाच सोयीचं, कारण पहाटेची बस इथून सुटते. चालणं संपतं ते समुद्रावर, तिथून बोट आणि पुढे बस, त्यामुळे स्वतःची गाडी त्या दिवशी निरुपयोगी. एलाफोनिसीची गुलाबी वाळूही याच बाजूला, पण वळणावळणांचा रस्ता, जाऊन येऊन अख्खा दिवस धरा.

भारतीय लायसन्सवाल्यांनी आंतरराष्ट्रीय परमिट निघण्यापूर्वी आरटीओतून काढून घ्यावं, तिथे गेल्यावर मिळत नाही.

हायड्रा

गाड्याच नाहीत. सामान खेचराच्या पाठीवर. अथेन्सच्या पिरेयस बंदराहून दोनेक तासांत पोचता येतं. वाळूचा किनारा शोधणाऱ्यांनी जाऊ नये, शांतता शोधणाऱ्यांनी बंदराच्या जवळच खोली घ्यावी, कारण वर चढण आहे आणि खेचर तुम्हाला नाही, बॅगेला आहे.

धागाकर्ती: बरेच जण खासगीत विचारत आहेत म्हणून इथेच लिहिते. बुकिंगच्या रकमेखेरीज हॉटेलात एक सरकारी कर वेगळा घेतात. २०२५पासूनचे एप्रिल ते ऑक्टोबरचे दर, दर खोली दर रात्र: एक-दोन ताऱ्यांना २ युरो, तीनला ५, चारला १० आणि पाचला १५. मोठा मुक्काम असेल तर बजेटमध्ये धरा. आणि शेवटची रात्र बेटावर काढून दुसऱ्या दिवशी जहाजाने अथेन्सला आणि तिथून लगेच भारताचं विमान, असं कोणी करू नका. वारा फार वाढला की जहाजं बंदरातच थांबवतात, वेगवान बोटी आधी. शेवटची रात्र अथेन्सला. पिरेयस बंदरापासून विमानतळापर्यंत आता थेट मेट्रो आहे.

प्रश्न: मिलोसला जूनमध्ये जातोय, आम्ही दोघं आणि आई. आदामास की पोलोनिया? दोन्हीकडे दर सारखेच दिसताहेत.

धागाकर्ती: गाडी घेणार आहात का?

प्रश्नकर्ते: नाही. आईला वळणांचा त्रास होतो, शक्यतो बोटीनेच फिरू म्हणतोय.

धागाकर्ती: मग आदामास. जहाज तिथेच लागतं, बस तिथूनच सुटतात आणि बेटाला फेरी मारणाऱ्या बोटीही बहुतेक तिथूनच. पोलोनिया निवांत आहे, पण बेटाच्या दुसऱ्या टोकाला. साराकिनिकोच्या पांढऱ्या खडकांवर सावली अजिबात नाही, आईंना सकाळी लवकर न्या. आणि बंदराच्या मागच्या चढावरची खोली घेऊ नका, सपाटीवरची मागा.