प्लँट हेडची ऑफर आलीये पण आत्ताच जीव मेटाकुटीला आलाय, घ्यावी का?

चाकण_क्वालिटी

नमस्कार मंडळी, एरवी मी फक्त वाचते, पहिल्यांदाच स्वतःचं रडगाणं घेऊन धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ४१, राहायला कोथरूड, चाकणला एका ऑटो कंपोनंट कंपनीत क्वालिटी हेड. डिप्लोमा करून इन्स्पेक्टर म्हणून लागले होते त्याला १९ वर्षं झाली. आता एमडी सरांनी विचारलंय, एप्रिलपासून प्लँट हेड होणार का. आमच्याकडे ही खुर्ची अजून कुठल्याच बाईला मिळालेली नाही, त्यामुळे माहेर सासर दोन्हीकडे पेढे आणायचेच बाकी आहेत, आणि मला ऑफर ऐकून आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा आला.

कारण आत्ताचं बघा ना. सकाळी साडेसहाला घर सोडते, संध्याकाळी मोशीच्या ट्रॅफिकमधून सुटून साडेसात-आठला घरी, आणि खरा दिवस तिथून पुढे सुरू होतो. सेकंड शिफ्टचे फोन. कस्टमरच्या लाईनवर आपला पार्ट बसत नाहीये सॉर्टिंगला माणसं पाठवू का, हा बॅच डेव्हिएशनवर (मापात थोडा फरक चालवून) सोडू का, मॅडम गेज (माप तपासायचं साधन) सापडत नाहीये (गेज सापडत नाही म्हणून पण मलाच फोन!!). कंप्लेंट आली की २४ तासांत कस्टमरला पहिलं उत्तर, मग एट-डी (आठ टप्प्यांचा रिपोर्ट), मग व्हाय-व्हाय (का, का विचारत मूळ कारण शोधणं), तोवर दुसरी कंप्लेंट. आमची सुट्टी गुरुवारी, नवरा आयटीत म्हणजे त्याची शनिवार-रविवार, मुलगी आठवीत, तिघं एकत्र जेवलोय असा दिवस आठवावा लागतो. आधी पहाटे एआरएआय टेकडीवर जायचे ते बंद होऊन वर्ष झालं.

पण दमण्याचं एवढं नाही हो, दमत तर मी पहिल्यापासून आलेय. गेल्या महिन्यात आयएटीएफचं (गाड्यांच्या उद्योगातलं क्वालिटीचं मानक) ऑडिट झालं, एकही मेजर (मोठी त्रुटी) नाही, सगळे टाळ्या वाजवतायत आणि मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. आणि परवा एका ट्रेनी पोराने फार चांगला प्रश्न विचारला तर मी त्याला "तुला काय करायचंय" म्हणून उडवून लावलं. मी अशी नव्हते.

पुढे जायचंय मला, खोटं कशाला बोलू. पण असं पिळून निघून नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, योगा करा आणि पाणी प्या सोडून.

रोखठोक७७

ताई स्पष्ट बोलतो राग मानू नका. खुर्ची पाहिजे आणि फोन नको असं नसतं. आमच्या वडिलांच्या पिढीला कुठे बर्नआऊट होता? नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले २०२३ मध्ये तर सगळे तुटून पडले त्यांच्यावर, पण मोठं झालेला कुठलाही माणूस विचारा, घड्याळ बघून कोणी झालेला नाही. जमत नसेल तर नाही म्हणा, मागे रांग लागलेली आहे.

निवृत्त_भोसरी

रोखठोकराव, तुमच्या वडिलांच्या पिढीतलाच मी आहे. ३४ वर्षं भोसरी आणि नंतर रांजणगाव, शेवटची नऊ वर्षं प्लँट हेड. बर्नआऊट नव्हता कारण शब्द नव्हता, बाकी ब्लडप्रेशरच्या गोळ्या, रात्रीची "बसायची" सवय आणि घरी आल्यावर कोणाशी न बोलणं हे सगळं होतं.

ताई, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य मला खटकलं ते गेजचं. गेज सापडत नाही म्हणून माणूस हेडला फोन का करतो? त्याला अक्कल नाही म्हणून नाही. माझंच सांगतो. माझ्या एका शिफ्ट इनचार्जने परस्पर निर्णय घेऊन मशीन बंद ठेवलं होतं, निर्णय चुकला, मी त्याला सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापला. अर्धा मिनिट झापला असेल. पुढची तीन वर्षं त्या प्लँटमध्ये एकाही माणसाने मला विचारल्याशिवाय काहीही केलं नाही, आणि मी बाहेर सांगत फिरायचो की काय करणार, माझ्यावाचून पान हलत नाही. ५२ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, अकरा दिवस मी नाही, डिस्पॅच झाला. मला बरं वाटायला हवं होतं, वाईट वाटलं. इतकं बिघडलं होतं डोकं.

तर पहिलं काम, पंधरा दिवस वही ठेवा. संध्याकाळी आठनंतर आलेला प्रत्येक फोन लिहा, कोणाचा, कशाबद्दल, आणि तुम्ही तिथे नसता तर तो निर्णय खाली कोणी घेऊ शकला असता का. मग इनचार्जला एकच नियम द्या, जो मला फार उशिरा सुचला. माल होल्ड करायला कोणाची परवानगी लागत नाही, सोडायला लागते. संशय आला, लाल टॅग लाव, बाजूला ठेव, घरी जा. सकाळी बघू. होल्ड केल्याने फार तर एक गाडी उशिरा जाईल, चुकून सोडलं तर कस्टमरची लाईन थांबते.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे. प्लँट हेड झाल्यावर क्वालिटी कोण बघणार हे त्यांनी सांगितलंय का? बहुतेक "तोवर तुम्हीच बघा" म्हणतील. प्रमोशन झालेला माणूस नवीन कामाने मरत नाही, जुनं काम सुटत नाही त्याने मरतो. आणि तुमच्या बाबतीत तर ते चुकीचंही आहे, डिस्पॅचचं टार्गेट आणि क्वालिटीचा शिक्का एकाच हातात असेल तर महिनाअखेरीला शिक्का कुठे पडेल हे शेंबड्या पोरालाही कळतं. ऑडिटरला पण कळेल. मी दमले म्हणून सांगू नका, हे सांगा.

तिसरं, फॅक्टरी मॅनेजर म्हणून सरकारदरबारी तुमचं नाव लागणार का विचारा. मी होतो तेव्हा फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ होता, त्यात कलम ९२ खाली ऑक्युपायर (कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे तो) आणि मॅनेजर दोघंही जबाबदार, दंड आणि कैद दोन्हीची तरतूद. आणि गंमत बघा, त्याच कायद्यात कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, वर गेला तर ओव्हरटाईम दुप्पट. मॅनेजरचे तास मात्र कोणी मोजत नाही. जोखीम पूर्ण आणि तास अमर्याद, तेव्हा काय काय घेताय ते कागदावर घ्या.

चाकण_क्वालिटी

काका, झापण्याचं वाचून गप्प झाले. माझ्याकडे पण असा एक किस्सा आहे. लिहीत नाही. वही आजपासून चालू.

डॉक्टर_पण_वाचकच

ऑडिट होऊनही काही न वाटणं आणि पोराला उडवून लावणं, ताईंनी बरोबर बोट ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआऊटची नोंद घेतली ती आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणचा प्रकार म्हणून, आणि त्याच्या तीन बाजू सांगितल्या. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. नुसता थकवा रजा घेतली की उतरतो, कडवटपणा रजेने उतरत नाही, परत आलात की दारातच उभा असतो.

पण सगळं बर्नआऊटच्या खात्यात टाकायच्या आधी एक करा. चाळिशीतल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, व्हिटॅमिन डी आणि शुगर बघते. शाकाहारी असाल तर बी१२ नक्की. रजोनिवृत्तीच्या आधीचे बदलही याच वयात सुरू होऊ शकतात, त्यात झोपेचं खोबरं होतं. आणि कामच नाही तर कशातच रस वाटत नसेल, रडू येत असेल, जगण्याचा कंटाळा येत असेल तर ते वेगळं, तेव्हा धाग्यावर विचारत बसू नका, समोर बसून कोणाशी तरी बोला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

रोखठोक, तुमच्या ७० तासांबद्दल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अभ्यास आहे, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के. घड्याळ तुम्ही बघत नसाल, शरीर बघतं.

रोखठोक७७

बरं बाई. माझा मुद्दा एवढाच होता की घ्यायचं तर पूर्ण घ्यावं.

टेकडीवरचा

मी हिंजवडी फेज टू मधला, पळालेला. डिलिव्हरी मॅनेजर होतो अडीच वर्षं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा क्लायंट. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे जातात मग साडेदहा. दर नोव्हेंबरला माझी झोप एक तासाने पुढे सरकायची आणि क्लायंटला ते माहीतही नसायचं, आणि मी पण कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर आपण कमी पडतोय असं वाटेल. शेवटी मीच अर्ज करून परत टेक्निकल लाईनला आलो, पगार थोडा अडकला, चुलत भावाने लग्नात विचारलं "काय रे डिमोशन झालं का", हो म्हटलं आणि जिलबी घेतली.

ताईंना हे चालणार नाही कारण प्लँटमध्ये परतीची गाडी नसते बहुधा. पण तुम्हाला नक्की काय आवडतं हे एकदा बघा. मला माणसं सांभाळणं आवडत नव्हतं, पद आवडत होतं. तुम्हाला त्या ट्रेनी पोराबद्दल वाईट वाटलं म्हणजे तुमचं उलट दिसतंय.

सिंहगडरोडची

सगळ्यांनी कंपनीचं सांगितलं. मी घरचं विचारते. शाळेच्या ग्रुपवर कोण आहे? गॅसचा नंबर कोणाच्या मोबाईलवर? कामाच्या मावशी येणार नसल्या की फोन कोणाला? सासूबाईंच्या गोळ्या संपल्या हे कोणाला आठवतं? मी बँकेत चीफ मॅनेजर आहे, आणि माझं उत्तर तीन वर्षांपूर्वी चारही प्रश्नांना "मी" असं होतं. म्हणजे दोन शाखा चालवत होते आणि एकीचाच पगार मिळत होता.

नवरा वाईट नाही हो माझा, सांगितलेलं सगळं करायचा. पण सांगायचं काम माझंच. मग एका रविवारी मावशींना त्याचा नंबर दिला, शाळेच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले आणि त्याला आत घातला. पहिले दोन महिने हाल झाले, पोरगं एकदा फॅन्सी ड्रेसच्या दिवशी युनिफॉर्ममध्ये गेलं. मी काही बोलले नाही, आणि ते फार अवघड गेलं, आरबीआयच्या इन्स्पेक्शनपेक्षा अवघड. काका म्हणतात तसंच आहे, एकदा जरी "तुला एवढं पण जमत नाही" म्हटलं की सगळं परत आपल्या गळ्यात.

चाकण_क्वालिटी

तीन आठवडे झाले, सांगायला आलेय.

वही. पंधरा दिवसांत आठनंतर ४४ फोन, त्यातले माझ्याशिवाय अडले असते असे सात. बाकी ३७ मध्ये नऊ तर निव्वळ "मॅडमना कळवून ठेवलं" म्हणून. वाचून आधी चिडले, मग लाज वाटली, कारण हे कळवायला मीच लावलं होतं २०२१ मध्ये एका कंप्लेंटनंतर. काकांचा होल्डचा नियम छापून लाईनवर लावला, खाली माझी सही.

रक्त तपासलं, बी१२ तळाला. डॉक्टर तुमचे आभार, इंजेक्शनं चालू आहेत. मावशींना नवऱ्याचा नंबर दिलाय. तो म्हणतो मावशी फार बोलतात :)

एमडी सरांशी बोलले. मी दमले वगैरे काहीच नाही, सरळ म्हटलं सर प्लँट हेड आणि क्वालिटी हेड एकच व्यक्ती असेल तर मी कस्टमर असते तर मलाच पटलं नसतं. ते हसले, मग म्हणाले सहा महिने दोन्ही बघा, नंतर माणूस देतो. आधीची मी असते तर हो म्हणून आले असते. म्हटलं सर माझ्या खालची डेप्युटी तयार आहे, तिला एप्रिलपासून लेटर द्या, सहा महिने मी तिच्या मागे उभी राहीन पण सही तिची. विचार करतो म्हणालेत. फॅक्टरी मॅनेजरचं विचारलं तेव्हा मात्र ते जरा चमकले, ते पण लेखी देणार आहेत. अजून उत्तर नाही. लेटर नाही दिलं तर मी हो म्हणणार नाही एवढं ठरलंय.

आणि काल रात्रीचं. झोपायच्या आधी फोन सायलेंटला टाकला होता, सकाळी बघितलं तर सेकंड शिफ्टच्या इनचार्जचा रात्री पावणेअकराचा मेसेज, "मॅडम एक लॉट होल्ड केलाय, टॅग लावलाय, सकाळी बघू, गुड नाईट." फोन नाही, नुसता मेसेज. सकाळी जाऊन तपासलं तर लॉट एकदम ओके निघाला, गाडी विनाकारण अर्धी रिकामी गेली आणि लॉजिस्टिक्सवाले माझ्या नावाने ओरडतायत.

निवृत्त_भोसरी

त्याला झापलं नाहीत ना?

चाकण_क्वालिटी

ओठावर आलं होतं काका. चहा पाजला, आणि सगळ्यांसमोर.