स्वस्तात समाजशास्त्राची पदवी: अनुदानित कॉलेज की मुक्त विद्यापीठ?

पिंपळपान
बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न येतोच, म्हणून मत सरळ मांडतो. महाराष्ट्रात कमी पैशात समाजशास्त्रातून बीए करायचं असेल तर आधी जवळचं अनुदानित कॉलेज बघा. तिथे प्राध्यापकांचे पगार सरकार देतं, त्यामुळे वर्षाची फी काही हजारांत राहते. बऱ्याचदा त्याच इमारतीत विनाअनुदानित तुकडीही असते आणि तिची फी बरीच जास्त असते. तेव्हा अर्ज भरतानाच तुकडी कुठली ते विचारून घ्या. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती आहे. मुक्त विद्यापीठ नोकरदारांसाठी ठीक, बारावी झालेल्या मुलांनी तिकडे वळू नये.

घाटमाथा
शेवटचं वाक्य अजिबात पटलं नाही. कॉलेजात समाजशास्त्र 'आहे' म्हणजे कितपत आहे? अनेक ग्रामीण कॉलेजांत हा विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षापुरताच असतो. जुन्या पद्धतीत तिथे तो 'स्पेशल', म्हणजे मुख्य विषय म्हणून नव्हता, आता नव्या शैक्षणिक धोरणात 'मेजर', म्हणजे मुख्य म्हणून नाही, फक्त मायनर, म्हणजे दुय्यम. पद मंजूर नसतं, किंवा सर निवृत्त झाल्यावर जागा भरलीच जात नाही आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधनाचे शिक्षक सत्र निम्मं सरल्यावर येतात. मुलांना हे कळतं दुसऱ्या वर्षी, मग नाइलाजाने इतिहास किंवा राज्यशास्त्र घ्यावं लागतं. फी वाचली, पण हवी ती पदवी गेली!

माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. तिसऱ्या वर्षाचं चालू वेळापत्रक बघायला मागा आणि गेल्या वर्षी समाजशास्त्र मुख्य विषय घेऊन किती मुलं परीक्षेला बसली ते विचारा. उत्तर टाळलं तर समजून जा. अशा ठिकाणापेक्षा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची मराठी पुस्तकं घेऊन नीट अभ्यास केलेला बरा. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

रानवारा
मान्यतेबद्दल बरोबर, पण मुक्त शिक्षणात मुलं अडकतात ती दुसरीकडेच. इग्नूमध्ये, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात ३० टक्के गुण स्वाध्यायांचे आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेचे. स्वाध्याय वेळेत दिले नाहीत, किंवा देऊन पोच जपून ठेवली नाही, की तो पेपर अपूर्ण दिसत राहतो. परीक्षेचा अर्जही वेगळा भरावा लागतो, प्रवेश घेतला म्हणजे नाव आपोआप येत नाही. शिवाय तिथलं साहित्य हिंदी-इंग्रजीत, म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलाला पहिलं वर्ष जड जाणार. प्रवेशाआधी डेब आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांकही काढावा लागतो. आणि तो अभ्यासक्रम त्या सत्रासाठी मंजूर आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

माणदेशी
फीच्या पावतीकडे कुणीच बघत नाही. शिष्यवृत्तीतून प्रामुख्याने शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क मिळतं. जिमखाना, ग्रंथालय, ओळखपत्र, विकासनिधी या रकमा खिशातून जातात, आणि स्वस्त कॉलेजात एकूण आकड्याचा मोठा भाग त्यांचाच असतो. म्हणून एकूण आकडा विचारू नका, फोड मागा.

मुलींच्या पालकांचा एक गैरसमज मोडायलाच हवा. २०२४ चा १०० टक्के फीमाफीचा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बीएला तो गृहीत धरू नका.

महाडीबीटीचे अर्ज अडतात त्याची कारणं ठरलेली: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जुना, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, किंवा कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज परत आला आणि मुलाने तो उघडून पाहिलाच नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेही राहून जातं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २.५ लाख आहे. सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना बघा. मुंबई, पुणे, नागपुरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. खोलीभाडं आणि मेस धरली तर खरा खर्च तिथेच आहे, फीत नाही.

पिंपळपान
वेळापत्रकाचा मुद्दा मान्य, तो मी आधीच लिहायला हवा होता. पण समाजशास्त्र पुस्तकातून येत नाही, घाटमाथा. नव्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आहे. गावातल्या वीस घरांची प्रश्नावली भरून घेताना 'घरात कमावतं कोण' या प्रश्नाला सासू आणि सून वेगवेगळी उत्तरं देतात. त्याचं काय करायचं, हे समोर बसून सांगणारा शिक्षक लागतो. पुस्तकातल्या स्वाध्यायाला ते जमत नाही.

वऱ्हाडी_वाट
मग बीएलाच एवढं का अडून बसायचं? घराजवळ जो विषय नीट शिकवला जातो त्यातून बीए करा आणि एमए समाजशास्त्र विद्यापीठाच्या विभागात करा. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या विषयाची पदवी चालते. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ पासूनचा आहे, असं ग्रंथालय तालुक्यात कुठून मिळणार? प्राध्यापक होण्यासाठीच्या सेट-नेट परीक्षांना एमएच मोजतात.

घाटमाथा
हे सेट-नेटवाल्यांपुरतं खरं आहे. पदवीवरच थांबून संस्थांमध्ये किंवा सर्वेक्षणाच्या कामाला लागणाऱ्या मुलांचं काय? त्यांच्या गुणपत्रिकेवर मेजर समाजशास्त्रच हवं. आणि पिंपळपान, तुमचा तो समोर बसून सांगणारा शिक्षक मंजूर पदावर आहे की नाही, हे आधी विचारा. नसेल तर त्या सासू-सुनेच्या प्रश्नावलीवर नुसती सही होते.