सिएनाची कॅथरीन की अलेक्झांड्रियाची?

जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल इटलीतल्या सिएनाच्या संत कॅथरीनचं, असं कधी कधी म्हटलं जातं. पण ते अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचं. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा जिंकला, म्हणून ते नाव.

मूर्ती ओळखताना मुकुटावर थांबलं की फसगत होते, कारण तो दोघींनाही असतो. राजमुकुट, दातेरी चाक आणि तलवार असेल तर अलेक्झांड्रियाची. काट्यांचा मुकुट, लिली, तळहातांवर जखमा आणि डॉमिनिकन या कॅथलिक संघाचा काळा-पांढरा वेश असेल तर सिएनाची.

सिएनाची (१३४७–१३८०) ही कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याची मुलगी. तिला सरसकट ‘नन’ म्हणतात ते मला खटकतं: ती मठात राहत नव्हती, डॉमिनिकनांच्या तिसऱ्या संघातली, म्हणजे मठाबाहेर राहून व्रत पाळणाऱ्यांपैकी, व्रतस्थ होती. तिचा देह रोमच्या सांता मारिया सोप्रा मिनेर्वा चर्चमध्ये मुख्य वेदीखाली आहे, शिर मात्र सिएनाच्या सान डोमेनिकोत.

सिएनाच्या कॅथरीनच्या सणाच्या तारखेचाही घोळ होतो: कुठे २९ एप्रिल, कुठे ३०. मृत्यू २९ एप्रिलचा, पण तो दिवस वेरोनाच्या संत पीटरचा असल्याने तिचा सण ३० तारखेला होई. कॅथलिक चर्चच्या १९६९च्या दिनदर्शिका-सुधारणेत तो २९ला आला. त्यामुळे जुन्या प्रार्थनापुस्तकातली ३० तारीख छपाईची चूक नव्हे.