विजया तेल वर्षभर रोज, तरी दुपारी घाबरल्यासारखं: डोस वाढवायचा का?

दादर_पश्चिम:
भावासाठी विचारतोय. वय ३४, अँग्झायटीसाठी एसिटालोप्राम १० मिग्रॅ चालू. शिवाय वैद्यांच्या चिठ्ठीवर विजया तेल (भांगेच्या पानांच्या अर्काचं), वर्षभराहून जास्त, रोज रात्री अर्धा ड्रॉपर. बाटलीवर "विजया अर्क १५०० मिग्रॅ, ३० मिली" एवढंच आहे. हल्ली दुपारी चारनंतर धडधड, चिडचिड. रात्री तेल घेतलं की तासा-दीड तासात शांत. डोस वाढवावा की बंद करावं? आणि बाटली लोकलमध्ये बरोबर ठेवली तर चालते का?

औषधवाला_परळ:
आधी आकडा नीट करा. १५०० मिग्रॅ हे अर्काचं वजन झालं, टीएचसीचं (भांगेतला नशा आणणारा घटक) नव्हे. कंपनीकडून त्या बॅचचा लॅब रिपोर्ट मागवा. समजा त्यात टीएचसी २० टक्के निघालं, तर बाटलीत ३०० मिग्रॅ, म्हणजे मिलीला १० मिग्रॅ. अर्धा मिली घेतलं तर ५ मिग्रॅ.

पण "अर्धा ड्रॉपर" हे माप नाहीच. रबर किती दाबला त्यावर तेल चढतं. १ मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका, रोज तेवढंच मोजा. वेळही जेवणाशी बांधून ठेवा: सीबीडी (भांगेतलाच, पण नशा न आणणारा घटक) तुपातेलाच्या जेवणावर घेतलं तर उपाशीपोटीपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. एक दिवस उपाशी, एक दिवस पुरणपोळीवर, असं झालं की त्याच मापाचा परिणाम रोज वेगळा.

मनोविकार_ओपीडी:
वाढवू नका. पोटातून घेतलेल्या टीएचसीचा असर साधारण ६ ते ८ तास. रोज घेतल्यावर मेंदूतले सीबी१ रिसेप्टर (टीएचसी जिथे चिकटतं त्या जागा) मंदावतात, मग दोन डोसांमधली चिडचिड आणि धडधड ही बऱ्याचदा विथड्रॉवलची (सवयीचं औषध उतरल्यावर होणाऱ्या त्रासाची) असते. तेल घेतलं की ती जाते, म्हणून औषध कमी पडतंय असं वाटतं. मूळ आजार उसळला असेल तेही शक्य आहे, पण वेळ इतकी ठरलेली असेल तर पहिला संशय यावरच.

शिवाय टीएचसी दुधारी आहे. शिकागोत २०१७ साली झालेल्या प्रयोगात ७.५ मिग्रॅने ताण कमी झाला, १२.५ मिग्रॅने उलट वाढला.

एकदम बंदही नको. एक-दोन दिवसांत झोप उडते, भूक जाते, विचित्र स्वप्नं पडतात; पहिला आठवडा सगळ्यात जड, पुढे दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. डॉक्टरांना दाखवून ०.५ वरून ०.४, मग ०.३ मिली, प्रत्येक पायरी १०-१४ दिवस. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबा, मागे जाऊ नका. या काळात एसिटालोप्रामला हात लावायचा नाही. तेलात सीबीडी भरपूर असेल तर ते एसिटालोप्रामची रक्तातली पातळी वाढवतं (सीवायपी२सी१९ हे एन्झाइम अडवून). दोन्ही एकत्र हलवलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

सारख्या उलट्या आणि गरम पाण्याने आंघोळ केल्यावरच बरं वाटणं, विनाकारण संशय येणं, किंवा घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार): यातलं काहीही असेल तर वाट न पाहता दाखवा.

कायदा_फोर्ट:
१९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे-फळांचे शेंडे; शेंड्यांशिवायची नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत. पानांचं आयुर्वेदिक औषध याच फटीतून परवान्यावर बनतं. म्हणून मूळ बाटली, बॅच नंबर असलेलं बिल आणि भावाच्या नावाची चिठ्ठी एकत्र ठेवा. दुसऱ्या बाटलीत ओतलं की पुरावा गेला. पेडलरकडच्या गांजाला कुठलीही चिठ्ठी लागू नाही: १ किलोच्या आतही एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दुबई-सिंगापूरला तर ही बाटली न्यायचीच नाही. रोज घेणाऱ्याची लघवी चाचणी बंद केल्यावर महिनाभरही पॉझिटिव्ह येऊ शकते, नोकरी बदलताना ध्यानात असू द्या.

दादर_पश्चिम:
क्लोनाझेपाम ०.२५ मिग्रॅ (घबराट शमवणारी गोळी) पण आहे, "गरज पडल्यास". सांगायचं राहिलं.

मनोविकार_ओपीडी:
मग तेलाची पहिली पायरी उतरण्याआधीच डॉक्टर गाठा. दोन्हींनी झोप आणि सुस्ती येते, एकत्र घेऊन बाईक नाही. आठवड्यात किती गोळ्या जातात ते लिहून काढा. रोजच जात असेल तर तीही अचानक तोडायची नाही, कारण तिचा विथड्रॉवल तेलापेक्षा धोक्याचा, फिट येऊ शकते. केईएम किंवा नायरच्या मानसोपचार ओपीडीत बाटली, लॅब रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. नुसतं "आयुर्वेदिक तेल" सांगून भागणार नाही. रात्री अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६.