व्हॉल्व्हच्या बॉनेटच्या (वरच्या झाकणाच्या) १२ पैकी ३ स्टडवर (दोन्ही टोकांना थ्रेड असलेल्या बोल्टवर) हीट कोड (धातू कुठल्या ओतकामातला, त्याची खूण) नाही. पीएमआय (यंत्राने धातूचं रासायनिक प्रमाण तपासणं) केलं की पुरे का?

क्यूए_शटडाउन
पीएचडब्ल्यूआर (जड पाण्याच्या अणुभट्टीच्या) केंद्रातल्या एका गेट व्हॉल्व्हचं ओव्हरहॉलिंग झालंय. बॉडी डब्ल्यूसीबी (ओतीव कार्बन स्टील), बॉनेटला ए१९३ मानकातल्या बी७ ग्रेडचे १२ स्टड आणि २एच ग्रेडचे २४ नट. बॉक्स-अप (जोडून बंद करणं) झालंय, पण लाइनवर प्रेशर अजून घेतलेलं नाही. स्टोअरला एकाच हीटचे ४० स्टड आले होते, ३.१ सर्टिफिकेट (मेकरचं चाचणी प्रमाणपत्र) जोडलेलं आहे. जॉब कार्डवर मात्र नुसतं 'बी७ स्टड, १२ नग' लिहिलंय. प्रत्यक्षात ९ स्टडच्या टोकावर बी७, मेकरची खूण आणि हीट कोड दिसतो. उरलेल्या ३ वर फक्त बी७ आणि खूण. शॉपचं म्हणणं, पीएमआय घ्या, ग्रेड जुळली की विषय संपला. हे बरोबर आहे का? आणि स्टड सोडून आणखी काय तपासावं?

धातू_निरीक्षण
नाही, विषय संपत नाही. पीएमआयने ग्रेडचा अंदाज येतो, हीट कळत नाही. पीएमआयच्या हातातल्या एक्सआरएफ (क्ष-किरण) यंत्राला कार्बन दिसतच नाही. शिवाय बी७ आणि त्याचा मऊ भाऊ बी७एम यांचं रासायनिक प्रमाण सारखंच असतं, फरक टेंपरिंगचा (उष्णता प्रक्रियेचा). बी७ ची कमाल हार्डनेस ३२१ एचबी (ब्रिनेल), बी७एम ची २३५. म्हणजे बी७ च्या जागी बी७एम बसला तरी पीएमआय 'ओके' म्हणेल आणि स्टड कमी ताकदीचा निघेल. पीएमआयसोबत हार्डनेस घ्याच, पण तीही ग्रेडसाठीच. त्यातूनही हीट सिद्ध होत नाही.

एक लक्षात घ्या. ए१९३ नुसार स्टडवर ग्रेड आणि मेकरची खूण लागते, हीट कोड ही सहसा परचेस ऑर्डरमधली अट असते. त्यामुळे कोड नसलेला स्टड बनावटच असेल असं नाही. पण तुमच्या ४० च्या लॉटमध्ये कोड असायला हवा होता की नाही, हे आवक तपासणीच्या अहवालात दिसेल. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर आणि स्टडवरचा कोड अक्षरशः सारखे नसतील तर दोघांना जोडणारी ओळ सर्टिफिकेटवर शोधा. ती नसेल तर थेट मेकरला विचारा, डीलरला नको. २०१२ मध्ये दक्षिण कोरियात योंगग्वांगच्या दोन अणुभट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या त्या फ्यूज, पंखे असल्या किरकोळ भागांच्या बनावट सर्टिफिकेटांमुळे.

आता आधी बिनमध्ये जा आणि मोजा. ४० आले, किती गेले, किती उरले?

क्यूए_शटडाउन
मोजले. या व्हॉल्व्हला १२, दुसऱ्या एका जॉबला १६, बिनमध्ये १२. हिशोब जुळतो. उरलेल्या १२ च्या १२ वर कोड आहे. आवक अहवालातही सर्व ४० वर कोड असल्याची नोंद आहे.

फिटिंग_बेंच
मग खरा प्रश्न उलटा झाला. स्टोअरमधून कोडवाले १२ निघाले आणि व्हॉल्व्हवर ९ च आहेत. तुमचे ३ नवे स्टड कुठे आहेत? हे तीन बाहेरून आले, एवढं नक्की.

बहुतेक वेळा ते त्याच व्हॉल्व्हचे काढलेले जुने स्टड असतात. नव्या स्टडवर नट घट्ट जातो म्हणून जुनाच परत वापरला जातो. बघायला सोपं आहे: थ्रेडच्या माथ्यावर चमक, मुळाशी जुन्या वंगणाचा काळा थर, नट बसायचा तिथे घासलेला पट्टा. दुसरी शक्यता, लांब थ्रेडेड बार कापून केलेला स्टड. त्याचं एक टोक मेकरचं, चॅम्फर केलेलं (कडा तिरकी घासलेलं). दुसऱ्यावर करवतीच्या आडव्या रेघा. बारच्या एकाच टोकाला कोडचा पंच असतो, त्यामुळे कापायच्या आधी कोड दुसऱ्या तुकड्यावर उतरवला नाही तर तो तुकडा कायमचा अनाथ.

एनसीआर (त्रुटीचा अहवाल) काढा, तिन्ही स्टडना होल्ड टॅग लावा, लाइन डिप्रेशराइज्ड असतानाच बदला. गॅस्केटवरचा दाब हलला तर गॅस्केटही नवं टाका. आणि त्याच दिवशी शेजारच्या बेंचवर उघडलेल्या त्याच साइजच्या व्हॉल्व्हची बॉनेट तपासा. हरवलेले ३ तिथे सापडले तर त्या जॉबचं कार्डही चुकीचं आहे. नटचं म्हणाल तर २एच ची खूण बाहेरच्या बाजूला आहे ना ते बघा. खूण फ्लँजकडे गेली की उघडल्याशिवाय वाचता येत नाही.

धातू_निरीक्षण
बाकी भागांत सगळ्यात जास्त घोळ स्टेमचा (गेट वर-खाली करणाऱ्या दांड्याचा). १७-४पीएच स्टेनलेस स्टील असेल तर एच९०० आणि एच११५० या त्याच्या उष्णता प्रक्रियेच्या दोन्ही अवस्था पीएमआयला एकच दिसतात. हार्डनेस सांगते: एच९०० किमान ४० एचआरसी (रॉकवेल सी), एच११५० किमान २८. जास्त कडक स्टेम चांगला, असं समजू नका. एच९०० चा स्टेम गरम पाण्यात स्ट्रेस करोजनने तडकू शकतो. ओळखीचा नंबर स्टेमवर कोरायचा तर पॅकिंग घासतं त्या भागात आणि थ्रेडवर कधीच नाही.

वेजच्या (पाचरीसारख्या गेटच्या) दोन बाजू वेगवेगळ्या सीटशी लॅप केलेल्या (घासून जुळवलेल्या) असतात. काढायच्या आधी मॅच मार्क (कुठली बाजू कुठल्या सीटची, ती खूण) केलेला नसेल तर ब्लू टेस्ट (निळा रंग लावून बाजू नीट टेकते का ते बघणं) परत घ्या. सीटवर वेल्डिंग केलं असेल तर रॉडचा बॅच, वेल्डरचा नंबर आणि डीपी (रंगद्रवाने तडे शोधण्याचा) अहवाल एकाच सीटच्या नावावर हवेत. सीट-डिस्कवरच्या स्टेलाइट ६ या कडक मिश्रधातूमध्ये जवळपास ६० टक्के कोबाल्ट असतं. लॅपिंगचा चुरा बॉडीत राहिला तर तो अणुभट्टीच्या गाभ्यापर्यंत जाऊन किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० होतो, आणि त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. म्हणून कोबाल्टविरहित डिस्क मागवली असेल तर तीच आली का, हे बसवण्याआधी बघा. इथे मात्र पीएमआय एका मिनिटात उत्तर देतं.

सील_पॅकिंग
ओ-रिंगवर (गोल रबरी सीलवर) काहीच लिहिलेलं नसतं, पाकीट हीच तिची ओळख. पाकीट बेंचवर बसवतानाच फोडा आणि लेबल जॉब कार्डला चिकटवा: बॅच, मटेरियल, क्युअर तारीख (रबर पक्कं केल्याची तारीख). आयएसओ २२३० नुसार ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) स्टोअरमध्ये १० वर्षं ठेवता येतं, तपासून आणखी ५. ईपीडीएमच्या रिंगला खनिज तेलाचं ग्रीस लावलं की ती फुगते, म्हणून ग्रीसच्या डब्याचा बॅचही कार्डवर घ्या. स्टेमभोवतीच्या ग्रॅफाइट पॅकिंगच्या प्रत्येक बॅचला क्लोराइडचा अहवाल हवा. कार्डवर 'पॅकिंग बदललं' एवढंच असेल तर ते परत पाठवा. किती रिंगा, कुठल्या बॅचच्या, हे लिहून आल्याशिवाय सही करू नका.